शून्याच्या पलीकडचं

मारेगाव,
४ डिसेंबर २०२४

जेबा,

नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. पहिले सांग, ही मस्करी तुही आहे काय?

कोणती मस्करी म्हणशील, तर ऐक. कॉलेज सोडल्यापासून मी इथल्या जिनिंगमध्ये काट्यावर बसतो, कापसाच्या गाड्या मोजतो, हे तुले कोणी ना कोणी सांगतलंच असन. आपण तिघांनी बसवलेला बोर्ड अजून तिथंच आहे, फाटकाच्या खांबावर. तुह्या अब्बूनं पांढरकवड्याच्या दुकानात जोडून देल्लेली लोखंडी पेटी, तिच्यात आपलं सर्किट आन् सिमकार्ड. ऑफिसातून मेसेज सोडला का बोर्डावर लाल अक्षरात येते, आजचा भाव काय, गाड्या कधीपर्यंत घेऊ. आलेला मेसेज उलगडाचं काम करते अर्पिताचं 'गाठोडं'. तिनं सी भाषेत एकटीनं लिहिलेली, साऱ्या जगाले फुकट देऊन टाकलेली लायब्ररी. आठवते ना, का पुण्याच्या हवेत विसरली?

परवा आभाळ होतं. संध्याकाळी आमच्या मॅनेजरनं, हिरासिंगभाऊनं, मले मेसेज टाकाले लावला, 'उद्या ओला कापूस घेतला जाणार नाही.' बोर्डावर आलं 'उद्या ओला कापू'. आन् त्याच्यापुढं, त्याच लाल अक्षरात, 'रजत, मले इथून बाहेर काढ.'

गाडीवाले हसले. एक जण म्हणे, रजतभाऊ, कोण अडकली बावा तुमची? चौकीदार मारोतीभाऊ मात्र हसला नाही. त्याचं घर अर्पिताच्या घरामागं आहे, लहानपणापासून पाह्यलेली पोरगी. सकाळी येऊन पाहतो तर खांबाले लिंबू बांधेल, कुंकू लावेल.

मेसेजचा सर्व्हर तुह्याकडे आहे. बोर्डाचे सगळे पासवर्ड तुह्याकडे आहेत. दुसरं कोण करन? तिले जाऊन सव्वा वर्ष झालं जेबा. तिच्या तोंडी असं वाक्य घालाचा हक्क तुले कोणी देल्ला?

फोन तिच्या दहाव्याले फोडला तो फोडला, दुसरा घेतला नाही. ऑफिसच्या मेलवर हे लिहाचं नाही. म्हणून कागद. उत्तरही कागदावरच दे. खोटं लिहिलं तर मी पुण्याले येऊन तुह्या ऑफिसात तमाशा करन, हे ध्यानात ठेव.

रजत

पुणे,
१० डिसेंबर २०२४

रजत,

तुझं पाकीट ऑफिसात आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं माझं लग्न ठरलं. मग वाचताना माझा चेहरा पाहून कोणी काही विचारलं नाही.

मी केलं नाही. अम्मीची कसम. तू मला ओळखतोस, पण राग आला की तू कोणालाच ओळखत नाहीस. एचओडींच्या टेबलावर आयकार्ड फेकून निघालास तेव्हा जिन्यात मी उभी होते. माझ्या अंगावरून गेलास, पाहिलंही नाहीस.

तुझं पत्र येण्याच्या दोन आठवडे आधी मला एका अनोळखी माणसाची मेल आली होती. तो कुठल्या तरी थंड देशात पाण्याच्या मीटरवर काम करतो आणि 'गाठोडं' वापरतो. फार अदबीनं त्यानं लिहिलं, तुमच्या लायब्ररीत एक भोक आहे. मी तपासलं. आहे.

तू शेवटच्या वर्षात निघालास, पण एवढं तुला समजेल. सी मध्ये वाक्य कुठं संपलं हे सांगायला कोणी नसतं. शेवटी एक शून्य ठेवलेलं असतं, वाचणाऱ्यानं तिथं थांबायचं. आता आपला मराठी मेसेज जातो तो प्रत्येक अक्षराच्या आकड्यानं, आणि प्रत्येक आकड्याआधी एक तिरपी रेघ. रेघ दिसली की अर्पिताचा कोड दोन पावलं एकदम टाकतो, रेघ आणि तिच्या पुढचं. नेटवर्क जाऊन मेसेज नेमका रेघेवर तुटला, तर ते दुसरं पाऊल शून्यावरून पलीकडे पडतं. मग थांबायला सांगणारं कोणी नाही. मेमरीत पुढं जे पडलेलं असेल ते वाचत सुटायचं.

पुढं काय पडलंय? तिच्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासायला लिहिलेली उदाहरणं. अब्बूंच्या दुकानात दिवाळीच्या आदल्या दिवशी आपण घाईत टेस्टसकट सगळंच पेटीत भरलं. टेस्टमध्ये तिनं वाक्यं घातलेली आहेत, आपल्या तिघांच्या बोलण्यातली.

ते वाक्य तुला माहीत नाही, कारण तेव्हा तुम्ही दोघं बोलत नव्हतात. तू तिला लायब्ररीत त्या सीनियरशी हसताना पाहिलंस आणि आठवडाभर तोंड फिरवलंस. त्याच आठवड्यात तिनं ती टेस्ट लिहिली. कंसात कंस, त्या कंसात कंस, असं खूप खोल, आणि सगळ्यात आत ते वाक्य. मी म्हटलं हे काय? म्हणाली, सगळ्यात आत बसलेल्याला सुखरूप बाहेर काढता आलं तर माझा कोड पास. मी म्हटलं, मग रजतला कशाला हाक मारतेस, माझं नाव घाल. नुसती हसली.

दुरुस्ती मी करून ठेवली आहे. शून्य दिसलं की थांब, एवढंच. पण 'गाठोडं'त बदल मंजूर करायचा अधिकार तिच्या खात्याला आहे आणि तिनं दिलेला तुला. मला नाही. एकदा लॉग इन कर, पाहा, मंजूर कर. मग बोर्डात नवीन भर, टेस्ट वगळून. पाच मिनिटांचं काम.

जेबा

मारेगाव,
१६ डिसेंबर २०२४

जेबा,

बरं, तू केलं नाही. मी म्हटलं ते मागं घेतो. पण 'मला', 'तुला', 'समजेल' हे काय लावलं? पांढरकवड्याची पोट्टी पुण्याले गेली का जिभेले इस्त्री होते काय?

तुही दुरुस्ती पाह्यली. बरोबर आहे. मंजूर करणार नाही.

तू लिहिलं तेवढं वाचून मी काट्यावरून उठलो आन् गोदामाच्या मागं जाऊन बसलो. ज्या आठवड्यात मी तिच्याकडे पाह्यलं नाही त्या आठवड्यात तिनं हे लिहिलं. माह्या नावानं. मी इकडे दात खात हिंडत होतो, आन् ती तिकडे कंसात कंस लावून आतून मले हाक मारत होती. आन् हे मले कोण सांगते, तर सव्वा वर्षानं जिनिंगचा बोर्ड. तू म्हणते भोक आहे. असू दे. तेवढ्याच भोकातून ती येते.

तवापासून ती आणखी आली. 'जेवला का रे' आलं. 'एवढा राग बरा नाही, बीपी वाढन' हे आलं तवा मी सगळ्यांसमोर हसलो, हिरासिंगभाऊ पाहतच राह्यला. इथं लोकाईले आता सवय झाली. आभाळ आलं का गाडीवाले म्हणते, आज बाई बोलते वाटते. कोणी चप्पल काढून खांबापुढं उभं राहते. मारोतीभाऊ उदबत्ती लावते.

कोकिळाकाकूले पण समजलं. मारोतीनं सांगतलं असन. अर्पिताची आई म्हटल्यावर कोण अडवन? संध्याकाळी येते, माह्या काट्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून देतो, बोर्डाकडे पाहत बसते. अर्पिताचे बाबा, किसनकाका, येत नाही. त्यायनं तिचं नावच घेणं सोडलं.

तुह्या त्या थंड देशातल्या माणसाले सांग, बावा, जरा थांब. इथं एक माय बसेल आहे.

रजत

पुणे,
२३ डिसेंबर २०२४

रजत,

तुझं पत्र वाचून मी रडले. मग राग आला. मग पुन्हा वाचलं.

मलाही ती आठवते. हॉस्टेलच्या खोलीत तिचा पलंग रिकामा असताना मी पूर्ण एक सेमिस्टर काढलं आहे. तू निघून गेलास, मला परीक्षा द्यायच्या होत्या. त्यामुळे आठवण काढायचा ठेका तू एकट्यानं घेतल्यासारखं लिहू नकोस.

पण काकूंना तिथं बसू देऊ नकोस. त्यांना सांग. तुला जमत नसेल तर मी येते, मी सांगते. त्यांना वाटत असेल पोरगी आज बोलतेय. ती आज बोलत नाही रजत. तिनं ते कॅन्टीनमध्ये बसून, तेही हसत लिहिलंय.

आणि हे फक्त आपल्या बोर्डाचं नाही. शून्याच्या पलीकडे आपल्याकडे तिची वाक्यं निघाली, दुसऱ्याच्या यंत्रात दुसरं काही निघेल. कोणाचा पासवर्ड, कोणाच्या घरचा हिशेब. 'गाठोडं' किती जण वापरतात ते आपल्याला माहीतही नाही, फुकट दिलेल्या वस्तूचं तसंच असतं. तो माणूस अजून गप्प आहे, कारण त्याला वाटतं लायब्ररीची मालकीण उत्तर देईल. मी त्याला काय सांगू?

अर्पितानं तुला तो अधिकार का दिला असेल याचा विचार कर. माझा कोड तुझ्यापेक्षा चांगला होता, हे तिला माहीत होतं. तरी तुला दिला.

जेबा

मारेगाव,
२९ डिसेंबर २०२४

जेबा,

तू येणार नाही. आली तर मी फाटक उघडू देणार नाही.

काकूले काय सांगू म्हणते? तुले नागपूरच्या दवाखान्यातलं काही माहीत नाही. तू तवा परीक्षेच्या फॉर्मच्या लाइनीत होती. शेवटच्या दिवसांत तिच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. घरचं एकच माणूस आत सोडत. काकू जायची. मी दवाखान्यासमोरच्या टपरीवर बसेल राहायचो, कारण मी कोणी नव्हतो. काकू बाहेर येऊन सांगायची, आज दाराकडेच पाहत होती रे पोरगी. माह्याकडे पाहे, मंग दाराकडे पाहे. म्हणे, मी तिले म्हटलं, उद्या नेऊ बाई घरी, उद्या. ते उद्या आलंच नाही.

बोर्डावर ते वाक्य पह्यल्यांदा वाचलं तवा काकू मटकन खाली बसली. म्हणे, तवा हेच म्हणत होती ती. मले समजलं नाही.

अशा बाईले मी जाऊन तिरपी रेघ आन् शून्य समजावून सांगू? हिम्मत असन तर तूच कागदावर लिहून पाह्य कसं सांगाचं ते.

तुहा थंड देशवाला मेला तरी चालन. मंजूर करणार नाही. आता लिहू नको.

रजत

पुणे,
२० जानेवारी २०२५

रजत,

लिहू नको म्हणालास म्हणून तीन आठवडे लिहिलं नाही. तुझ्या पत्राचं उत्तर काय द्यावं तेही कळत नव्हतं. मग एका रविवारी मी सर्व्हरवरच्या नोंदी काढून बसले. मला फक्त पाहायचं होतं की मारेगावचं नेटवर्क किती वेळा जातं, काही उपाय करता येतो का.

संक्रांतीच्या आठवड्यात तुमच्याकडे आभाळ नव्हतं. नेटवर्क एकदाही गेलं नाही. तरी रोज संध्याकाळी एक मेसेज तुटलेला आहे. आणि तो तुटलेला नाही. तो तसाच पाठवलेला आहे, शेवटी हातानं टाकलेली तिरपी रेघ लावून. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. तुझ्या नावानं.

आधी मेसेज एक अक्षराचा, मग दोनचा, मग तीनचा. किती लांबीच्या मेसेजला तिचं कोणतं वाक्य निघतं हे तू शोधून काढलंस. जेवला का रे, याला अमुक अक्षरं. बाहेर काढ, याला अमुक. दहावीच्या सुट्टीत माझ्या मामाच्या पोरी वाटी उलटी ठेवून आत्मे बोलवायच्या. वाटीवर बोट कोणाचं आहे हे सगळ्यांना माहीत असायचं, कोणी बोलायचं नाही. तू तेच करतोयस. फक्त तुझ्या बाजूला खुर्चीवर तिची आई बसलेली आहे.

मी हे कोणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. तू काकूंसमोर मुद्दाम ते वाक्य आणत असशील असं मला वाटत नाही. तुला जेवला का ऐकायचं असतं, मला माहीत आहे. पण लांबी एका अक्षरानं चुकली की दुसरं येतं, आणि ते त्यांना वाचावं लागतं.

तू विचारलंस, कसं सांगायचं. असं सांग. ते वाक्य नागपूरचं नाही. ती दाराकडे पाहत होती तेव्हाचं नाही. यवतमाळला, आपल्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, ताप वगैरे कशाचा पत्ता नसताना लिहिलंय. तू सांगत नाहीस तोवर त्या रोज संध्याकाळी त्या दवाखान्यात जाऊन येतात. सांगितलंस तर निदान ते वाक्य तरी तिथून निघेल.

आता शिव्या दे.

जेबा

मारेगाव,
२ फेब्रुवारी २०२५

जेबा,

शिव्या देल्ल्या. तुहं पत्र फाडलं, मंग गोंदानं चिकटवलं. मारोतीभाऊले वाटलं सरकारी कागद आहे.

काय झालं ते सरळ लिहितो. मधात थांबलो तर पुढं लिहिणार नाही.

तुहं पत्र आल्यावर मी चार-पाच दिवस काहीच पाठवलं नाही. काकू रोज आली, रोज बसली, बोर्डावर नुसता भाव. शुक्रवारी मले राह्यवलं नाही. तिचं तोंड पाहून नाही, खोटं कायले लिहू, मलेच पायजे होतं. काकू, पाणी पिऊन येतो, म्हटलं आन् ऑफिसात गेलो. मेसेज लिहिला. अक्षरं मोजली. शेवटी रेघ टाकाची तेवढी बाकी होती. मागं वळून पाहतो तर काकू दारात उभी.

म्हणे, तू इथं येतं तवाच ती बोलते.

मी कीबोर्डावरचा हात काढला.

म्हणे, लय दिवसांपासून पाहून राह्यली मी. तू पाणी प्याले जातं, ती बोलते. तू काट्यावर बसून असला का ती चूप. मी आई आहे रजत, येडी नाही. मले वाटलं, पोरगा सांगन कधी तरी.

मारोतीनं तिले सांगतलं, असं मी तुले लिहिलतं. मारोतीनं नाही. पह्यल्या वाक्याच्या दुसऱ्या दिवशी मीच मोटरसायकलवर तिच्या घरी गेलतो, मीच मागं बसवून आणलं. मले वाटलं, एकट्यानं ऐकून भागत नाही.

मंग मी सांगतलं. सगळं. खुर्ची ओढून देल्ली तिले, कॉम्प्युटरसमोर बसवली. शून्य काय, रेघ काय, दोन पावलं कशी पडतात, पलीकडे काय पडेल आहे. तिले किती समजलं माहीत नाही. कंसाच्या आत कंस दाखवला तवा म्हणे, डब्यात डबी. म्हटलं, हो काकू, तसंच. सगळ्यात आतल्या डबीत हे वाक्य. म्हटलं, हे नागपूरचं नाही काकू. कॉलेजातलं आहे. जेबा बाजूले बसेल होती. अर्पिता हसत होती.

हसत होती? म्हणे.

हो म्हटलं.

मंग तिनं विचारलं, काय खात होती तवा?

मले नाही माहीत जेबा. मी तवा तिच्याशी बोलत नव्हतो. मी म्हटलं, जेबाले विचारून सांगतो. तू मले सांग. चांगलं आठवून सांग, मनचं लिहू नको.

मले वाटलं काकू आता उठन, घरी जाईन. ती बसूनच. कॉम्प्युटरवर माहा अर्धा मेसेज तसाच होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणे, आन् हे कोणी लिहिलं? हे काही कॉलेजातलं नव्हे. हे आताचं.

म्हटलं, मी.

म्हणे, तिनं हसत लिहिलं असन का रडत लिहिलं असन, पोरगी म्हणते मले बाहेर काढ. आन् तू काय करतं? रोज संध्याकाळी ऐकतं, आन् पुन्हा आत कोंबतं.

आवाज चढवला नाही तिनं. एचओडीनं मले असं बोललं असतं तर मी टेबल उलटवला असता. काकूपुढं मी तो अर्धा मेसेज पुसला. ती उठली, पदर सारखा केला, म्हणे, तुले काढता येते ना? मंग काढ.

मी तिच्यासमोर लॉग इन केलं. तुही दुरुस्ती उघडली. एक-एक ओळ वाचली, माह्या डोळ्याले कमी दिसत होतं तरी. बरोबर आहे का म्हणून काकूनं विचारलं. म्हटलं, जेबानं केली म्हणजे बरोबरच असते. मंजूर केलं.

बोर्डात अजून जुनंच आहे. सोमवारी शिडी लावून भरतो.

रजत

पुणे,
७ फेब्रुवारी २०२५

रजत,

मंजूर झालं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात तुझं नाव आलं. बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले.

त्या माणसाला कळवलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी आपल्या मीटरांत नवीन भरलं आणि मालकिणीचे आभार मानले. मी त्याला काही सांगितलं नाही. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर तिचं नाव आहे, तो तेवढ्याला ओळखतो.

एक सांगायचं होतं, तू घाईत काही उलटं करशील म्हणून. बोर्डातून टेस्ट काढ, पण 'गाठोडं'तून काढू नकोस. तिची वाक्यं तिथंच राहू देत. पुढं कोणीही, कुठूनही, एक ओळ जरी बदलली तरी आधी तिच्या सगळ्या टेस्ट पास कराव्या लागतील. कंसातल्या कंसातून तिला सुखरूप बाहेर काढावं लागेल, तरच त्याचा बदल आत येईल. ते तसंच असू दे.

आता काकूंचं. आठवून लिहितेय, मनचं काही नाही. तर्री-पोहे खात होती. प्लेट माझी होती. स्वतःची आधीच संपवली होती. शेव संपली म्हणून कॅन्टीनवाल्या देवीलालशी भांडली, त्यानं मूठभर आणखी टाकली. बोटं तेलकट, म्हणून एका हाताच्या दोन बोटांनी टाइप करत होती, आणि माझ्या ओढणीला पुसायचा प्रयत्न केला, मी ओरडले. तर्री तिखट होती, नाकातून पाणी येत होतं. ते वाक्य लिहून झालं तेव्हा म्हणाली, रजतले दाखवू नको, भाव खाईन. हे शेवटचं तुझ्यासाठी, काकूंना सांगितलंस तरी चालेल.

जेबा

मारेगाव,
२२ फेब्रुवारी २०२५

जेबा,

सोमवार म्हटलं होतं, पण मंगळवारी भरलं. मारोतीभाऊनं शिडी धरली. पेटी उघडली तर आतून पालीची अंडी निघाली. वर चढून हात थांबला माहा थोडा वेळ. मारोतीभाऊ खालून म्हणे, भाऊ, जमत नसन तर उतरा, कोणाले तरी बोलावतो. नाही उतरलो. जुनं पुसलं, नवीन भरलं, टेस्ट वगळून.

तुहं पत्र काकूले तिच्या घरीच वाचून दाखवलं. किसनकाका ओसरीत बसेल होते, आधी उठून जात होते, देवीलालशी भांडली म्हटल्यावर थांबले. काकूनं तेवढं पुन्हा वाचाले लावलं. मंग म्हणे, तिखटाची सवय तिले ह्यायनंच लावली. काका म्हणाले, मी कायले लावू, ती तुह्या माहेरची. असं त्या दोघांचं बोलणं त्या घरात लय दिवसांनी ऐकलं मी. शेवटचं वाक्य मी त्यायले वाचून दाखवलं नाही. ते मी ठेवलं.

आज दुपारपासून आभाळ भरून आलं. गारपीट होते का काय म्हणून गाडीवाले ताडपत्र्या बांधून राह्यलेते. काकू आली. दोन आठवडे आली नव्हती. मी खुर्ची देल्ली, तिनं घेतली नाही. म्हणे, पाहून जाते फक्त.

हिरासिंगभाऊनं मेसेज सांगतला, 'उद्या खरेदी बंद राहील.' मी जसाच्या तसा टाकला, हाताची बोटं तिले दिसन अशी दाराकडे करून. आभाळात कडाडलं आन् नेटवर्क गेलं. खरंच गेलं, तू नोंदी काढून पाह्य.

बाहेर खांबाखाली येऊन पाहतो तर बोर्डावर आलं, 'उद्या खरे'.

पुढं काळं. गाडीवाले वर पाहत होते, मारोतीभाऊ पण. मी त्या काळ्या भागात एक-एक अक्षराची जागा पाहून राह्यलो होतो, इथं र यायचा, इथं ज, इथं त. लय वेळ गेला असन. काहीच आलं नाही. बोर्ड जिथं थांबाचा तिथं थांबला होता.

काकूनं पदरानं तोंड पुसलं. म्हणे, निघाली बाप्पा.

मंग ती फाटकातून बाहेर पडली. चार पावलं जाऊन वळली. मी खांबाखाली तसाच होतो, मान वर करून.

म्हणे, आता तू कायले उभा आहे इथं?

रजत